शेवटच्या कप्प्यातली लाल रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी फिटरकाकांचं नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर येतं. आईला याचा राग येत नाही. ती म्हणते, "आम्ही तुला शाळेत घातला. पण कामाचा केला तो त्या म्हाताऱ्यानं."

फिटरकाका हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रत्नागिरीजवळ खाडीपलीकडच्या एका गावातले ते. तरुणपणी बोटीवर गेले आणि सारा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून परत आले. आमच्याकडे बोटीवरून आलेल्या कुणालाही लोक कप्तान म्हणतात. यांना तसं म्हटलं की ते थांबून दुरुस्ती करत, "कप्तान वर असतो. त्याला समुद्र दिसतो. मी खालचा. मी समुद्र बघितला तो नळीतून."

नळीतून बघितलेला समुद्र त्यांना फार चांगला कळायचा. कुठेही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. "पाणी कुठून येता, कुठं जाता?" नुसतं ऐकून त्यांचं भागत नसे. पाण्याच्या वाटेवरून बोट फिरवून दाखवावं लागे. एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. नवरा-नवरी उभी राहिली, अक्षता पडल्या, आणि काका मांडवामागे आचाऱ्याच्या पिंपाशी वाकून, तोटीखाली ओल का आहे ते बघत होते. यजमान त्यांना जेवायला शोधत होते. "वायसर उलटा बसवलाय," त्यांनी यजमानांना सांगितलं, आणि मगच आहेर दिला.

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. तिच्यात जेवणाचा स्टीलचा डबा, एक लाकडी फूटपट्टी, दाढीचा लहान आरसा, अगरबत्तीचा पुडा आणि लाल नेलपॉलिशची बाटली. फूटपट्टी ऐकण्यासाठी होती. इंजिनखोलीच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. डाव्या कानाशी मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. दात मात्र शाबूत होते. चालू पंपाच्या अंगावर पट्टीचं एक टोक टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. दातांतून त्यांना पंपाचं पोट कळायचं. आमच्याकडे मासे बघायला आलेली एक लहान मुलगी एकदा आईला म्हणाली, "आई, ते आजोबा पंप खातायत." काकांना ते ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा पट्टी काढून तिला म्हणाले, "अजून शिजला नाय गो, बाय."

नेलपॉलिशवरून आमचे शेठ त्यांची चेष्टा करत. "काका, या वयात कुणाची नखं रंगवता?"

"पंपाची. तीपण बाईमाणूसच हाय."

त्या बाटलीचा खरा उपयोग मला कळला तेव्हा माझी नोकरी जायची वेळ आली होती.

शेठ म्हणजे आंब्याचे व्यापारी. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी एक मत्स्यालय काढलं. देवदर्शन आणि समुद्रस्नान झाल्यावर पर्यटकांना अजून काहीतरी बघायचं असतं, हा त्यांचा हिशोब. आत गोड्या पाण्याच्या लहान टाक्या आणि समोरच खाऱ्या पाण्याची आठ फुटी मोठी टाकी. त्या टाकीसाठी त्यांनी मला ठेवलं. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेलो. आमच्या बौद्धवाडीतला पहिला पदवीधर. वडील चिरेखाणीवर चिरे काढायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी ते लाल धुळीनं माखलेले तसेच वाडीभर पेढे वाटत फिरले. शेठ म्हणाले, "सहा महिने बघू." त्या सहा महिन्यांकडे घरची सगळी माणसं डोळे लावून बसली होती.

खाऱ्या पाण्याची टाकी वरून दिसते तेवढीच नसते. वरची टाकी भरून वाहते, ते पाणी पाइपानं खालच्या लाकडी कपाटात उतरतं. तिथं दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. सम्पमध्ये पाणी गाळलं जातं, फेसाचं एक यंत्र त्यातली घाण फेसाबरोबर काढतं, मग शेवटच्या कप्प्यातून पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. हे चक्र कधी थांबत नाही.

मार्चअखेरीला आमच्या मोठ्या टाकीत बुडबुडे दिसू लागले. मोठे नव्हेत. रव्याच्या कणासारखे, त्याहून बारीक. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात, त्यामुळे वर येऊन फुटतही नाहीत. पाण्याबरोबर फिरत राहतात. संध्याकाळी दिवे लागले की आठ फूट टाकी पातळ ताकासारखी दिसायची. मासे धूसर. माशांच्या कल्ल्यांपाशी, पंखांवर बुडबुडे चिकटलेले. एक पिवळा मासा दगडाला अंग घासत राहायचा, आणि दोन माशांनी खाणं कमी केलं होतं. पर्यटक विचारत, "हे मासे सोड्यात ठेवलेत का?"

मी तीन आठवडे सगळं करून बघितलं. मोबाइलवर जे जे सापडलं ते ते. स्पंज घातला, पाइपाला कापड बांधलं, फेसाच्या यंत्राची चावी फिरवली, पंप बदलला, पाइप कापून नवीन जोडला. एकाच दिवशी चार गोष्टी बदलायचो, आणि बरं वाटलं तर कशामुळे ते कळायचं नाही. शेठ एके सकाळी काचेवर बोट टेकवून म्हणाले, "मेच्या सुट्टीत इथं गाड्यांची रांग लागते. तोवर ही काच स्वच्छ दिसली नाही तर मी पुण्याहून माणूस आणतो. आणि मग तुझं इथं काम काय, ते तूच मला सांग."

त्याच दिवशी फिटरकाका विहिरीचा पंप बघायला आले होते. जाताना टाकीपाशी थांबले. प्रत्येक माशापुढे उभे राहून त्याची पारख सांगू लागले. "हा काट्याचा. हा कालवणात बरा लागेल. हा नारिंगी शोभेचा, रस्सा बिघडवील." मग डोळे बारीक करून पाण्याकडेच बघत राहिले.

"पाणी कुठून येता, कुठं जाता?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी सगळं सांगितलं. इंग्रजी शब्दांसकट सांगितलं, कारण मला ते येत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"शिक्षण काय?"

"बी.एस्सी."

"बरा. बियेस्सी, आता बोट फिरव."

मी वरच्या काचेपासून बोट फिरवत खाली कपाटात शिरलो आणि पंपाच्या पाइपानं पुन्हा वर आलो. "आता सांग, हवा कुठून येता?"

"मला वाटतं, फेसाच्या यंत्रातून."

"वाटला की बघितलास?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न. पहिल्यापेक्षा जड. पुढे मी तो हजार वेळा ऐकला. "मला वाटतं" म्हणून कुणी वाक्य सुरू केलं की ते वाक्य पुरं होऊच द्यायचे नाहीत. शेठ एकदा म्हणाले, "काका, यंदा आंबा कमी येईल असं वाटतं." "वाटला की बघितलास?" शेठ गप्प बसले. आंब्याच्या व्यापाऱ्याला गप्प बसवणारा माणूस मी तेवढाच बघितला.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. मला वाटलं, आता पान्हे निघतील. त्यांनी प्लॅस्टिकचा माशांचा क्रेट उपडा घातला, त्यावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तसेच दुपारपर्यंत बसले. मी विचारलं, "काका, हात दुखतायत का?"

"हाताला खाज सुटते. दिसला नट की फिरवायचा. पयल्या दिवशी हाताला बसवून ठेवायचा, डोळ्याला काम करू द्यायचा."

मग मलाही दुसरा क्रेट आणून बसवलं. मीही हातांवर बसलो. येणारेजाणारे पर्यटक टाकीपेक्षा आमच्याकडेच जास्त बघत होते.

काम सुरू झालं ते असं, की एका वेळी एकच गोष्ट. आधी फेसाचं यंत्र बंद केलं आणि एक तास नुसतं बघितलं. बुडबुडे तसेच. म्हणजे चोर दुसरा. यंत्र पुन्हा चालू केलं. मग वरून येणाऱ्या पाइपाचं तोंड बघितलं. पाणी सम्पमध्ये वरून धबधब्यासारखं कोसळत होतं आणि बरोबर हवा घेऊन बुडत होतं. काकांनी पाइप लांब करून त्याचं तोंड पाण्याखाली नेलं, वर एक झडप बसवली आणि ती इतकी हळू दाबत आणली की पाइपातला गुडगुड आवाज थांबला. मला ते आवाजावरून कळलं, त्यांना पाइपाला टेकवून दातांत धरलेल्या पट्टीवरून. बुडबुडे निम्मे झाले.

पुढच्या दिवशी काचेच्या तीन पट्ट्या आणल्या आणि सम्पमध्ये उभ्या चिकटवल्या. पाणी पहिलीच्या डोक्यावरून जाणार, दुसरीच्या पायाखालून, तिसरीच्या पुन्हा डोक्यावरून. मी म्हटलं, "याला बबल ट्रॅप म्हणतात, काका." ते म्हणाले, "म्हणू देत. भाताच्या खाचरात पाणी वरून खाली कसा उतरवतो? बांध घालून. धावत सोडलास तर माती घेऊन जाता, थांबवत सोडलास तर निवळ उतरता. हवा मातीसारखीच. पाणी थांबला की सुटते." मी भातशेतीत वाढलेला. तीन वर्षं पुस्तकातून पाणी शिकलो आणि हे कधी मनात आलं नव्हतं.

तरी थोडे बुडबुडे उरलेच. तेव्हा काकांनी पिशवीतून अगरबत्ती काढली.

शेठना वाटलं, काका आता देवाला शरण गेले. ते चपला काढून, हात जोडून उभे राहिले. काकांनी दोन काड्या पेटवल्या, पंखे बंद करायला लावले आणि कपाटात शिरून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या एकेका सांध्याजवळ काडी धरू लागले. धूर सरळ वर चढत होता. पहिला सांधा, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी धुराची रेघ वाकली आणि बारीक होऊन सांध्यातच शिरली. पंप पाणी ओढताना त्या फटीतून हवाही ओढत होता, आणि आपल्या आतल्या पंख्यात तिचं पीठ करून वर पाठवत होता. "पाणी गळता ते दिसता," काका म्हणाले. "हवा आत गळते ती कुणाला दिसणार? धुराला दिसते." बोटीवर ते हेच करत. सांधा उघडला, रबराची चकती तिरकी बसली होती ती बदलली, आवळला.

तो सांधा मीच जोडलेला होता. काकांना ते माहीत होतं. काढलेली चकती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि काड्या विझवल्या.

संध्याकाळी पाणी काचेसारखं दिसलं. शेठनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळीही स्वच्छ. पण दुपारी चारनंतर पुन्हा धुकं. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळी निवळ, संध्याकाळी ताक.

काका क्रेटवर हात दाबून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळी तू काय करतोस?"

"पाणी घालतो. उडून जातं तेवढं."

"कुठला पाणी?"

इथं मला थोडं मागं जाऊन सांगायला हवं. टाकीतलं पाणी उन्हानं, दिव्यांनी, पंख्यांनी रोज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून जितकं उडालं तितकं गोडं पाणी घालायचं असतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पूर्ण गुण घेतले असते. पण एप्रिलात विहीर तळाला गेली आणि गोडं पाणी टँकरनं येऊ लागलं. ते शेठच्या घराच्या मागच्या काळ्या टाकीत भरलं जायचं. त्यावरच त्यांचं स्वयंपाकपाणी. आणि आमच्या घरी एक शिकवण होती, लहानपणापासून पाठीवर हात ठेवून दिलेली: दुसऱ्याच्या पाण्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ती कुठून आली हे वडिलांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला मी दोनदा शेठच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. हॉलमागे समुद्राच्या पाण्याची पिंपं होती, ती कुणाचीच नव्हती. मी त्यातलं पाणी घालू लागलो. तेही पिंपं आठवडाभर पुरावीत म्हणून अर्धी कळशी.

आणि रोज खारटपणा, म्हणजे लिटरमागे किती ग्रॅम मीठ, मोजून वहीत लिहायचा असतो. तो मोजायची एक नळी असते, तिच्यात थेंब टाकून डोळ्याला लावायची. पहिले काही दिवस मी मोजला. आकडा चढताना दिसला. मग मी मोजायचं सोडलं आणि रोज पस्तीस लिहू लागलो, कारण पस्तीस असायला हवा होता.

काकांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी बोट टाकीत बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं.

"हा समुद्र नाय," ते म्हणाले. "समुद्र मी चाखलेला हाय. हा त्याच्यापेक्षा खारट."

भिंतीवर अडकवलेली वही त्यांनी काढली. आकड्यांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. वही माझ्यापुढे धरली.

"वाटला की बघितलास?"

पंप चालू होता. मासे काचेपाशी आले होते, त्यांना वाटलं खाणं मिळेल. खोटं बोलणं सोपं होतं. नळी बिघडली म्हणता आलं असतं. मी त्यांच्या डाव्या कानाशी म्हटलं, "काका, ते आकडे खरे नाहीत."

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"मी बघून लिहिले नाहीत."

"मोठ्यानं बोल रे. पंप चालू हाय."

मग मी ओरडूनच सांगितलं. "मी न मोजताच आकडे लिहिले. आणि गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी घातलं. तीन आठवडे."

"आता ऐकू आला," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते. मी वळलो. दारात शेठ उभे होते, हातात गाडीची किल्ली.

शेठ आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी नळी मागितली, मला मोजायला लावलं. मी मोजलं. बेचाळीस.

"मीठ उडून जात नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"गोडं पाणी तुमच्या घरचं होतं. मला मागायला जड गेलं."

शेठनी माझ्या हातून नळी घेऊन खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "पाण्याचं मी समजू शकतो. वहीचं नाही समजू शकत. उद्यापासून येऊ नकोस."

मला पहिल्यांदा आठवले ते पेढे. वडिलांना काय सांगायचं, याचं वाक्य मी मनात जुळवू लागलो. तेवढ्यात काका क्रेटवरूनच म्हणाले, "शेठ, हा खारटपणा कधी उतरवणार?"

"आजच," शेठ त्यांच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाले. "टँकर आलाय ना? गोडं पाणी ओततो."

"ओत. उद्या सगळ्यांचा कालवण कर. नारिंगी तेवढा नको, रस्सा बिघडवील."

"म्हणजे?"

"माशाला इतक्या दिवसांत हळूहळू सवय झाली. एका दिवसात काढलास तर मरतील. रोज थोडा थोडा. दहा दिवस. दिवसातून चार वेळा मोजायचा आणि बघून लिहायचा. कोण करणार? आंबे सोडून तू बसणार? मी बसलो असतो, पण त्या नळीतल्या रेघा मला दिसत नाय. पुण्याचा माणूस दहा दिवस राहील?" त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "ह्याला दहा दिवस ठेव. मग काढ."

शेठनी टाकीकडे बघितलं, माशांकडे बघितलं. "दहा दिवस," ते म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर काका कपाटापुढे मांडी घालून बसले. शेवटच्या कप्प्यातलं पाणी इतकं खाली गेलं होतं की पंपाच्या तोंडावर बारीक भोवरा फिरत होता, आणि त्या भोवऱ्यातून हवा आत जात होती. आमचं संध्याकाळचं ताक तिथून येत होतं.

"वरची टाकी बघ," ते म्हणाले. "काठोकाठ. तिला कधी कळत नाय पाणी उणा झाला ते. मधल्या कप्प्यांना पण कळत नाय. सगळा उणेपणा इथं दिसता, शेवटच्या कप्प्यात." मग विचारलं, "तुमची वाडी नळाच्या कुठल्या टोकाला?"

"शेवटच्या."

त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून नेलपॉलिश काढली. काचेवर जिथवर पाणी असायला हवं तिथं एक आडवी लाल रेघ ओढली. बोटीवरच्या, पाणी किती ते दाखवणाऱ्या काचनळीला अशीच रेघ असते म्हणाले. फुंकर घालून वाळवली.

"पाणी ह्या रेघेखाली गेला तर दोष पाण्याचा नाय, तुझा. आता जा. काळ्या टाकीतला आण."

मी गेलो. शेठच्या घराच्या मागच्या दारी नळ होता. बादली लावली आणि नळ सोडला. कुणी काही म्हणालं नाही. बादली फार जड नव्हती, तरी मी ती दोन्ही हातांनी धरून आणली. काका म्हणाले, "भर." मी बारीक रबरी नळीनं थेंब थेंब सोडत कप्पा भरला. पाणी रेघेला लागलं, भोवरा मिटला.

त्या दहा दिवसांत मी सकाळी सात ते रात्री मत्स्यालय बंद होईपर्यंत तिथंच होतो. रोज थोडं खारं पाणी काढून तितकंच गोडं घालायचो. बेचाळीसचे एकेचाळीस झाले, मग चाळीस. बघून लिहिलेला आकडा लिहिताना हात वेगळा चालतो. रोजचा आकडा वेगळ्या शाईचा, वेगळ्या घाईचा दिसतो. माझी आधीची पस्तिसांची ओळ एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसत होती. काकांनी ती कशी ओळखली ते मला तेव्हा समजलं. पिवळ्या माशानं सहाव्या दिवशी अंग घासणं थांबवलं. दहाव्या दिवशी नळीत पस्तीस दिसला, आणि मी नळी पुसून पुन्हा एकदा बघितलं.

अकराव्या दिवशी मी गेलोच. कुणी येऊ नको म्हणालं तर परत फिरायचं, असं ठरवून गेलो. हॉलमध्ये सुट्टीची गर्दी होती. पोरांची नाकं काचेला चिकटली होती आणि पलीकडे प्रत्येक माशाचा खवला न् खवला दिसत होता. शेठ तिकिटाच्या टेबलाशी होते.

"पाणी घातलंस?" त्यांनी विचारलं.

"आत्ता घालतो."

"मग उभा काय आहेस?"

मी बादली उचलली. सहा महिने संपले ते मला एक आठवडा उलटून गेल्यावर आठवलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. सगळ्या टाक्या माझ्याकडे आहेत, दुसरा हॉल झाला आहे, आणि सिंधुदुर्गापर्यंतचे हॉटेलवाले खाऱ्या टाक्यांचं विचारायला मला फोन करतात. मी त्यांना आधी विचारतो, पाणी कुठून येतं, कुठं जातं. काही जण फोन ठेवतात. फिटरकाका दोन वर्षांपूर्वी दापोलीला लेकीकडे राहायला गेले. फोनवर त्यांना काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी पत्रं लिहितो. ते उत्तर देत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र एस.टी.च्या पार्सलनं एक खोका आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नेलपॉलिशची नवी बाटली. चिठ्ठी नव्हती. बाटलीची पोच म्हणून मी पाठवलेलं पत्र हे असं:

आदरणीय फिटरकाका यांस,

सविनय जयभीम आणि नमस्कार.

बाटली पोचली. वेळेवर पोचली. दुसऱ्या हॉलमधली बारा फुटी टाकी याच महिन्यात चालू केली. चौथ्या दिवशी बुडबुडे आले. शेठ म्हणाले, नवीन टाकी आहे, आपोआप जातील असं वाटतं. मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला. ते हसले आणि गेले. पहिला दिवस मी क्रेटवर हात दाबून बसलो. दुसऱ्या दिवशी अगरबत्ती लावली. सांधे सगळे नीट आहेत. वरून येणाऱ्या पाइपाची झडप थोडी जास्त उघडी होती, ती दाबत आणली. आता पाणी सकाळी आणि संध्याकाळी सारखंच दिसतं. दोन्ही वेळा बघितलं आहे.

शेवटच्या कप्प्यावर तुम्ही पाठवलेल्या बाटलीतली रेघ ओढली. जुन्या टाकीवरची तुमची रेघ अजून आहे, थोडी फिकी झाली आहे. तिच्यावर मी पुन्हा रंग दिला नाही. ती तशीच राहू दे.

परवा बाबा आले होते. खाणीवरचं काम आता झेपत नाही त्यांना. टाकी बघून झाल्यावर ते कपाटापुढे बसले आणि रेघ कशाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. पाणी बोटभर खाली होतं. मी म्हटलं, बाबा, तिथल्या नळाचं आणा आणि भरा. ते म्हणाले, कुणाला विचारू? मी म्हटलं, इथं विचारायचं नसतं, भरायचंच असतं. त्यांनी पाणी आणलं. रेघेला लागेपर्यंत हळूहळू ओतलं. नंतर बराच वेळ तिथंच बसून होते.

एक गोष्ट इतक्या वर्षांत विचारायची राहिली. त्या दिवशी मी आकड्यांचं खरं सांगितलं तेव्हा तुम्ही मला तीनदा बोलायला लावलंत. मी डाव्या कानाशीच बोलत होतो. आणि शेठ दारात येईपर्यंत तुम्हाला ऐकू आलं नाही. मला वाटतं, तुम्हाला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

हे मी बघितलेलं नाही. म्हणून 'वाटतं' असंच लिहिलं आहे.

तुमचा,
बियेस्सी